पुण्याजवळ मेंढीचं दूध आणि लोकर असा छोटा फार्म जमेल का?

सासवडचा_जावई

नमस्कार मंडळी. मी हिंजवडीत नोकरीला, राहायला वाकडला. बायकोचं माहेर सासवडच्या पुढे, तिकडे सासऱ्यांची साडेतीन एकर जमीन आहे, जमीन म्हणजे निम्मं माळरानच, थोडी सीताफळाची झाडं, एक विहीर जी होळीपर्यंत कशीबशी पुरते, बाकी पडीक. सासरे आता थकलेत, मेव्हणा दुबईला, त्यामुळे "जावईबापू तुम्हीच बघा काय ते" असं चाललंय.

तर डोक्यात असं आहे की तिथे मेंढ्या पाळायच्या, पण मटणासाठी नाही, दुधासाठी आणि लोकरीसाठी. युरोपातले व्हिडिओ बघतो मी रात्री, नवरा-बायको दोघं मिळून वीस-पंचवीस मेंढ्या, सकाळी दूध काढलं, दुपारी चीज, थंडीत बसून लोकर कातायची आणि आठवड्याच्या बाजारात टेबल टाकून विकायचं. आपल्याकडे गाय झाली, म्हैस झाली, आता शेळीच्या दुधाचं पण मार्केटिंग झालं, मेंढीच्या दुधाचं कुणी नावच काढत नाही, का बरं? पुण्यात एवढे कॅफे झालेत, कोरेगाव पार्क बाणेरकडे चीज खाणारी पब्लिक नक्की आहे. बायकोला विणकामाचं वेड आहे त्यामुळे लोकरीचं सगळं ती बघेल म्हणते.

विचारायचं हे की जात कुठली घ्यायची, एक मेंढी दिवसाला दूध किती देते, वीस मेंढ्यांवर घर नाही पण निदान फार्मचा खर्च निघेल का, आणि पूर्ण बंदिस्त शेडमध्ये ठेवल्या तर चालतात का, कारण चारायला न्यायला माणूस मिळेल असं वाटत नाही. सासऱ्यांना विचारलं तर ते नुसते हसतात. ज्यांनी प्रत्यक्ष पाळल्यात त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूबवरचे "लाखोंची कमाई"वाले आकडे नकोत.

कट्ट्यावरचा

सासरे हसले यातच उत्तर आलं की हो.

बाकी चालू द्या. वीकएंडला शेतकरी व्हायची साथ आलीय सध्या, आमच्या सोसायटीत तिघांनी ड्रॅगन फ्रूट लावलंय. मेंढी मात्र सोमवारी सकाळी स्टँडअप कॉल आहे म्हणून दूध द्यायचं थांबत नाही एवढं लक्षात असू द्या.

वाघर

राम राम जावईबापू. कट्ट्यावरच्यांचं मनावर घेऊ नका, पण त्यांचा शेवटचा मुद्दा खरा आहे.

आमचं गाव दौंड तालुक्यात. घरात मेंढरं आजोबाच्या आधीपासून, मी आता कंपनीत आहे पण चुलता अन् थोरला भाऊ अजून वाड्यावरच, वाडा म्हणजे कळपाबरोबरचा आमचा फिरता तळ, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाटाखाली कोकणाकडं अन् पावसाच्या तोंडाला परत वर. त्यामुळं जे सांगतो ते घरचं आहे, ऐकीव नाही.

मेंढीच्या दुधाचं कुणी नाव काढत नाही असं कसं म्हणता, आम्ही तेच पिऊन वाढलो, वाड्यावरचा चहा मेंढीच्या दुधाचाच असतो अन् तो प्यायल्यावर शहरातला चहा पाण्यात रंग टाकल्यागत लागतो. पण विकायला उरतं कुठं? आपली दख्खनी मेंढी, ती काळी, ती मुळात चालायला बनलेली. दिवसाला कोस न् कोस चालणार, पीक काढलेल्या रानात जे मिळंल ते खाणार, उन्हाळा काढणार. तिच्या दुधावर पहिला हक्क कोकराचा. कोकराचं पोट भरून वर पावशेर निघालं तर लई झालं, अन् ते पण व्याल्यावर दोन-तीन महिने, पुढं आटत जातं. काढायला पण कटकट. सडं दोनच अन् बारकी, गाईसारखी मूठ बसत नाही, अंगठा अन् दोन बोटात धरून काढावं लागतं, एक जण मान धरतो दुसरा काढतो, मेंढी नवीन असली की भांड्यात पाय टाकतीच. दूध एवढं दाट की काढून झाल्यावर बोटं एकमेकाला चिकटतात, नुसत्या गार पाण्यानं ती जात पण नाहीत.

जातीचं म्हणाल तर जत साइडची माडग्याळ बघून लोक येडी होतात. अंगानं मोठी, नाक बाकदार, पांढऱ्यावर तांबडे पट्टे, कोकरू झपाट्यानं वाढतं, हौसेचे लोक मेंढ्याला लाखात बोली लावतात. पण तिच्या अंगावर कातरण्याजोगी लोकर नसतीच जवळजवळ. म्हणजे लोकर पाहिजे तर दख्खनी, वजन पाहिजे तर माडग्याळ, अन् दूध पाहिजे तर म्हैस घ्या.

आता पैसा कशात आहे. पहिलं कोकरू. नर बकरी ईदला जातात, एरवी चाकण नाहीतर लोणंदच्या बाजाराला. त्याच्याखाली लेंडी. शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलावतो, रात्रीची वाघर लावून कळप तिथंच बसवायचा, सकाळपर्यंत सगळं रान खतावून निघतं, त्याचे तो पैसे देतो नाहीतर धान्य देतो. उसाच्या अन् कांद्याच्या पट्ट्यात याला मागणी आहे. दूध घरात खायचं. अन् लोकरीचं तर विचारूच नका, कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त होते. तरी कातरावी लागतीच, नाही कातरली तर अंगावर भिजून जड होते, गोचीड होतात, जनावर खंगतं. कातरून झाली की ढीग बांधावर पडून राहतो, काही जण पेटवून देतात. आमची आजी असली लोकर जळताना बघायला नको म्हणून उठून जायची.

शेडचं म्हणाल तर मेंढी शेडमधी राहती, पण एकटी-दुकटी नाही, तिला कळप लागतो, अन् तिला शेळीगत झाडपाला ओरबाडायची सवय कमी, ती खाली मान घालून चरणारी. थोडं तरी रोज फिरवा, साडेतीन एकर पडीक आहे की, कुंपण घाला. आणि कुंपण घालताना कंजुषी नको. सासवड-जेजुरीचं माळरान म्हणजे लांडग्याचं रान आहे, तो रात्री येतो, कोकरू उचलतो, आवाज पण होत नाही. वनखात्याकडं भरपाई आहे पण पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही अन् कागद वेळेत गेला पाहिजे. लांडग्यापेक्षा पण गावातली मोकाट कुत्री जास्त त्रास देतात, ती खात नाहीत, नुसती फाडून टाकतात. वाघर म्हणजे जाळं हो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रात्री कळपाभोवती लावतात ते. माझं इथलं नाव त्याच्यावरनं.

पशुवैद्य_पुरंदर

मी या भागात नोकरी करून निवृत्त झालो. वाघर यांनी लिहिलंय ते व्यवहाराचं आहे, त्यात माझी भर तब्येतीच्या बाजूने.

जागा चांगली आहे तुमची. पुरंदर, बारामती, दौंड, शिरूर हा कोरडा पट्टा मेंढीला मानवतो. हेच मुळशी, वेल्ह्याकडे फार्महाऊसच्या जमिनीत कुणी करायला गेलं तर मी सरळ नको म्हणतो, तिथला पाऊस मेंढीचे खूर कुजवतो, ओल्या लोकरीत त्वचा खराब होते आणि पाणथळ जागी गोगलगायी असतात त्यांच्यातून लिव्हर फ्लूक, म्हणजे लिव्हरमधला जंत येतो. जनावर खात असतं, पण वाळत जातं आणि एके दिवशी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते, तोपर्यंत लिव्हर गेलेलं असतं. धनगर लोक पावसाळ्यात घाटापासून लांब पूर्वेला का येतात त्याचं हेच कारण, त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

लसी चुकवायच्या नाहीत. आंत्रविषाराची पावसाळ्याच्या आधी, पहिल्यांदा देताना पंधरा दिवसांच्या अंतराने दोन डोस. कोवळं हिरवं गवत उगवलं की धष्टपुष्ट कोकरू संध्याकाळी बरं असतं आणि सकाळी मेलेलं सापडतं, तो हाच रोग. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, एकदा दिली की तीन वर्षं बघायला नको. लाळ-खुरकताची वर्षातून दोनदा. देवीची पण घ्या. जंताचं औषध उठसूट देऊ नका, लेंडी तपासून द्या, आणि तुम्ही दूध विकणार आहात तर औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं ते पाळा, आपल्याकडे हे कुणी वाचत नाही.

नवीन लोकांच्या मेंढ्या दोन गोष्टींनी मरतात असा माझा अनुभव. एक म्हणजे गाईचं मिनरल मिक्स्चर. मेंढीला तांबं सोसत नाही, गाईला जेवढं लागतं तेवढं तिच्या लिव्हरमध्ये महिनोन्महिने साठत राहतं आणि मग अचानक सगळं रक्तात उतरतं, डोळे पिवळे, लघवी कॉफीसारखी, दोन दिवसांत खेळ खल्लास. दुकानदार म्हणेल "सगळ्या जनावरांना चालतं", नाही चालत, मेंढीचं वेगळं मागा. दुसरं म्हणजे लग्नाचा उरलेला भात आणि पोळ्या. पुण्याजवळ हे फार. कार्यालयातून टेम्पो येतो, फुकट आहे म्हणून टोपलीभर ओतलं जातं, पोटात आम्ल होऊन जनावर फुगतं आणि आडवं पडतं. खुराक म्हणजे भुसा, मका, थोडी पेंड असा मिळून पाव किलोच्या आसपास, व्यायला आलेली आणि दुधातली असेल तर थोडा जास्त, बाकी पोट चाऱ्यानेच भरलं पाहिजे. तुरीचं, सोयाबीनचं भुसकट मेंढी आवडीने खाते आणि तुमच्याकडे मिळतं.

दुधाचं एक कळकळीने सांगतो. कळपातल्या प्रत्येक मेंढीची ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या, विकत घ्यायच्या आधी, नंतर नाही. हा आजार माणसाला कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या मेंढीचं वार हाताळताना होतो, ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि महिनोन्महिने कळत नाही काय झालंय. "नैसर्गिक कच्चं दूध" वगैरे म्हणून विकायची फॅशन आहे तिकडे वळू नका. ६३ अंशाला अर्धा तास धरा, चव जात नाही.

जातीबद्दल. युरोपातल्या व्हिडिओत तुम्ही बघता त्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या फक्त दुधासाठी निवडलेल्या आहेत. जर्मनीची ईस्ट फ्रिजियन एका वेताला पाचशे लिटरपर्यंत जाते. फ्रान्सची लाकोन, तिच्या दुधाचं रोकफोर्ट चीज होतं. आपण दख्खनीत कधी दूध निवडलंच नाही, पाय आणि काटकपणा निवडला. बाहेरची जिवंत मेंढी आणायची तर केंद्राची परवानगी, क्वारंटाइन, तुमच्या आवाक्यातलं नाही, आणि ईस्ट फ्रिजियन आपल्या एप्रिलमध्ये धापा टाकेल. जवळची सोय म्हणजे फलटणची निंबकर संस्था, नारी. त्यांनी बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळं देणारं जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली, त्यात इस्रायलच्या अवासीचं पण रक्त आहे, आणि अवासी ही वाळवंटातली दुधाळ मेंढी. सासवडहून फलटण काही लांब नाही, जाऊन बघून या. मात्र जुळी झाली की दूध दोघांना वाटलं जातं, तुमच्या चीजला त्यातून उरेलच असं नाही. पण वाघर म्हणतात तसं पैसा कोकरात असेल तर जुळं हाच फायदा.

सरकारी मेंढी-शेळी महामंडळाचं ऑफिस पुण्यातच आहे, गोखलेनगरला, त्यांचे दहिवडी, महूद, रांजणी असे फार्म आहेत, पैदाशीचे नर तिकडे मिळतात का चौकशी करा. महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर ७५ टक्के अनुदानावर मिळतात पण ती भटक्या जमाती-क साठी आहे.

लोकरवाली

बांधावर पडलेल्या ढिगाचं वाचून गलबलून आलं. मी कोथरूडला असते, लोकरीचं काम करते, विणकरांबरोबर.

जावईबापू, तुमच्या बायकोला आधीच सांगून ठेवा, दख्खनीची लोकर स्वेटरची नाही. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास असतो, आपली लोकर तीसच्या वर आणि मध्ये केसाळ तंतू, अंगाला टोचतेच. बाळाची टोपी वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका. अपवाद एकच, जावळ. कोकराची पहिली कातरणी, ती मऊ असते, जुनी माणसं जावळाची घोंगडी वेगळी सांगायची आणि ती जपून वापरायची. ते मात्र वेगळं भरून ठेवायचं, मोठ्या मेंढ्यांच्या लोकरीत मिसळलं की गेलं.

प्रमाण बघा. एक दख्खनी मेंढी वर्षाला दोन कातरण्या मिळून अर्धा-पाऊण किलो देते. वीस मेंढ्यांची बारा-चौदा किलो. त्यातून माती, लेंड्या, गोखरू आणि कुसळं काढा. हे लिहायला सोपं आहे, हाताने करून बघा, कुसळाचं टोक तंतूच्या आत वळून बसतं आणि ओढलं की तुटून निम्मं आतच राहतं, पिंजताना तेच बोटात घुसतं. म्हणून कातरायच्या आधी मेंढ्या धुवा, वाहत्या पाण्यात नाहीतर टाकीवर पाइपने, आणि दोन दिवस स्वच्छ जागी वाळू द्या. कातरणी ताडपत्रीवर करा, मातीत नाही. पोटाची आणि पायाची लोकर वेगळी टाका. एवढं केलं तरी लोकरीची किंमत बदलते कारण विणकराचा निम्मा त्रास इथेच असतो. धुऊन पिंजून जे उरेल त्यात चार-पाच घोंगड्या झाल्या तर खूप. सूत कातायला बायका मिळणं अवघड झालंय, मागावर बसणारे सनगर तर त्याहून कमी, त्यांची मुलं त्या खड्ड्याच्या मागावर बसायला तयार नाहीत आणि का बसावीत, कंबर जाते. विणून झाली की चिंचोक्याची खळ लावून वाळवतात, त्याने ती कडक होते आणि पाणी अडवते, आत्ताच्या गिऱ्हाइकाला मात्र खळीचा वास नको असतो आणि कडकपणा पण नको असतो, पण घोंगडी मात्र अस्सल पाहिजे. असो.

घोंगडीच्या पलीकडे नमदे, आसनं, पायपुसणी, लॅपटॉपच्या पिशव्या होतात, साबणाच्या पाण्यात लोकर घोटून, त्याला माग लागत नाही, तुमच्या बायकोने इथून सुरुवात करावी. काळी, करडी, पांढरट असे रंग मुळातच आहेत, रंगवायची गरज नाही. आणि जी लोकर अगदीच खराब आहे ती जाळू नका हो. लोकरीत नत्र दहा टक्क्यांच्या आसपास असतं, कुजायला वेळ घेते आणि पाणी धरून ठेवते. सीताफळाच्या आळ्यात पालापाचोळ्याखाली पसरा. पुण्यात टेरेस गार्डनवाले कोकोपीटला पैसे मोजतात, कुंडीच्या तळाला ही घातली तर उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी पुरतं, मी स्वतः घालते.

विरजण_बाणेर

दुधाची बाजू मी सांगते, मी शेळीच्या दुधाचं चीज करते, छोट्या प्रमाणावर, आणि घाटावर वाडे असतात तेव्हा मेंढीचं दूध मिळालं तर घेते.

दूध म्हणून ते सोनं आहे यात वाद नाही. फॅट सहा-सात टक्के, प्रोटीन साडेपाचच्या आसपास, गाईच्या दुधाचं एक किलो चीज करायला दहा लिटर लागतं तिथे मेंढीचं साडेपाच-सहा लिटर पुरतं. फेटा, पेकोरिनो, मांचेगो ही सगळी मूळची मेंढीची. पण पुणेकर म्हशीच्या दुधावर वाढलेला आहे, "दाट आहे" एवढ्यावर तो जास्त पैसे देणार नाही, त्याच्या घरी दाटच असतं.

आता हिशोब. वीस मेंढ्या, त्यातल्या एका वेळी पंधरा दुधात धरा, वाघर म्हणतात तसं कोकराच्या वरचं पावशेर. पावणेचार लिटर. म्हणजे रोजचं सहाशे-सातशे ग्रॅम चीज, ते पण वर्षातले दोन-अडीच महिने. कॅफेवाला पहिल्या दिवशी खूश होऊन फोटो टाकतो आणि तिसऱ्या महिन्यात विचारतो "रेग्युलर सप्लाय आहे का", तिथे विषय संपतो. एका कॅफेने माझे पैसे चार महिने लटकवले ते वेगळंच.

तरी करायचंच असेल तर तीन गोष्टी उपयोगाच्या. मेंढीचं दूध गोठवता येतं, गाईच्यापेक्षा चांगलं टिकतं, पाश्चराइज करून डीप फ्रीझरला लावा आणि साठलं की एकदम बनवा, युरोपातले छोटे फार्म पण हेच करतात, व्हिडिओत फ्रीझर दाखवत नाहीत एवढंच. दुसरं, कोकरं पहिला महिना आईजवळच राहू द्या, मग रात्री वेगळी कोंडायची, पहाटे दूध काढायचं आणि दिवसभर कोकरू आईबरोबर. दिवसातून एकदाच दूध, पण कोकरू पण वाढतं आणि तुमचा स्टँडअप पण होतो. कास पूर्ण मोकळी होतेय का बघा नाहीतर दगडी होते, म्हणजे कास सुजून कडक होते. तिसरं, चीजच्या आधी दही करून बघा. काही न घालता असं घट्ट लागतं की भांडं वाकडं केलं तरी पाणी सुटत नाही, मातीच्या कुल्हडात लावा, ओळखीच्या वीस घरांना द्या. चीजला रेनेट लागतं, म्हणजे दूध साकळवणारं एन्झाइम, मूळचं वासराच्या पोटातलं, त्याऐवजी मायक्रोबियल वापरा नाहीतर पुण्यात पहिला प्रश्न "व्हेज आहे का" हाच येतो. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन पहिल्या डब्याच्या आधी.

सासवडचा_जावई

बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून सासऱ्यांना वाचायला दिली, ते म्हणाले तो वाघर शहाणा माणूस आहे.

म्हणजे थोडक्यात कोकरं आणि लेंडीखत यावर फार्म चालवायचा आणि दूध-लोकर वरची कमाई, बरोबर ना? मग असं विचारतो, वीसच्या ऐवजी सुरुवातीला सात-आठ दख्खनी आणि एक नर घेतला तर? फलटणला जाऊन नारीच्या मेंढ्या बघून येतो. आणि बायको म्हणते मेंढ्या कापायला द्यायच्या असतील तर ती त्यांना नावं ठेवणार नाही. दुसरं म्हणजे शेळ्याच का घेत नाही असं ऑफिसमधले विचारतायत, त्याला काय उत्तर देऊ?

कट्ट्यावरचा

नावं ठेवणार म्हणजे ठेवणारच. एकीचं नाव माझ्याकडून 'डेडलाइन'.

वाघर

सासऱ्यांना माझा रामराम सांगा.

सात-आठ घ्या, चांगला विचार आहे, पण बाजारातनं घेऊ नका, बाजारात लोक खराबच विकायला आणतात. एखाद्या वाड्यावरनं घ्या, दोन-तीन वेत झालेली, सोबत कोकरू असलेली, म्हणजे दूध किती ते समोर दिसतं. दात बघा, कास हातानं दाबून बघा, एका बाजूला गाठ असली तर सोडा. डॉक्टरसाहेब म्हणतात ती रक्ततपासणी धनगर पहिल्यांदा नाही म्हणंल, खर्च तुम्ही करा म्हणजे हो म्हणंल. एवढ्याला एक नर पुरून उरतो, तो पंचवीस-तीस मेंढ्यांना पुरतो, त्यामुळं पहिल्या वर्षी नर विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, कुणाचा तरी मागून आणा, पण तो पण तपासून. गाभण राहिली की पाच महिन्यांनी विते, तेव्हा हिशोब असा लावा की कोकरू ऐन पावसात जमिनीवर पडायला नको.

शेळीचं उत्तर सोपं आहे, शेळी शेजाऱ्याची डाळिंबं, अंजीर, सीताफळं सगळी खाती अन् मग शेजाऱ्याशी भांडण. मेंढी खाली मान घालून आपलं आपलं चरती. पण दुधाला अन् जुळ्यांना शेळी पुढं आहे, त्यात खोटं बोलणार नाही.

अन् एक सुचवू का? काहीच विकत घ्यायच्या आधी दिवाळीनंतर आमचा वाडा तुमच्याच अंगानं खाली उतरतो. पडीक रानात चार रात्री मेंढरं बसवा. तुमचं रान खतावून निघंल, चार पैसे भावाला मिळतील, अन् तुम्ही दोघं तिथं येऊन राहा, हॉटेलात नाही, वाड्यावर. पहाटे दूध काढायला बसा. रात्री लांडगा आला तर उठा. कोकरं संध्याकाळी सोडली की शंभर आया अन् शंभर पोरं एकदम ओरडतात अन् दोन मिनिटात ज्याची त्याला सापडती, ते बघा. मग ठरवा घ्यायची का.

सासवडचा_जावई

डन. भावाला सांगा, मी व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो. पैसे आधी द्यायचे की नंतर, आणि धान्य दिलेलं चालतं का? सासऱ्यांकडे ज्वारी आहे.

वाघर

ज्वारी असली तर पैशाचं नावच काढू नका, भाऊ खूश होईल. रात्रीच्या हिशोबानं किती ते तो अन् सासरे बसून ठरवतील, आपण मध्ये पडायला नको.

पशुवैद्य_पुरंदर

बाहेरचा कळप रानात बसवणार असाल तर त्यांची पीपीआरची लस कधी झाली तेवढं विचारून घ्या. आणि तुमच्या स्वतःच्या मेंढ्या आणाल तेव्हा तीन आठवडे वेगळ्या बांधा, लगेच कळपात घालू नका.

लोकरवाली

वाघर, कातरणी कधी आहे तुमच्याकडे? या वेळी ढीग बांधावर टाकू नका, पेटवू तर अजिबात नका. जावळ वेगळ्या पोत्यात, काळी वेगळी, पोटाची खराब लोकर पण चालेल मला कुंड्यांना. आठ दिवस आधी कळवा, ताडपत्री आणि पोती मी घेऊन येते, गाडीचा खर्च माझा, भाव भावाशी बोलून ठरवू.

वाघर

भावाला फोन लावतो रात्री. वहिनी म्हणती ताडपत्री मोठी आणा.